कॅल्क्युलेटरवर 'परत अॅडमिट होण्याची शक्यता ६%' आलं, आईच्या पोटाच्या ऑपरेशनआधी हे कसं वाचायचं?

मनीषनगरवाली

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबली आहे, सांभाळून घ्या. आईचं (वय ५४) ऑपरेशन ठरलंय. आम्हा दोघा भावंडांच्या वेळी सिझर, नंतर पिशवी काढली तेव्हा परत पोट कापलं, आता तिथं हर्निया झालाय आणि खालची कातडी पार लोंबते. आपल्याकडचा उन्हाळा तर माहीतच आहे, मे महिन्यात त्या घडीत घाम, खाज, बुरशी, पावडर मारून मारून बिचारी कंटाळली. तर जनरल सर्जन आणि प्लास्टिक सर्जन दोघं मिळून करणार आहेत, हर्नियाला जाळी आणि वरची जादाची कातडी काढून टाकायची. आईला शुगर आहे, गोळ्या चालू, वजन ७८ किलो, उंची पाच फूट एक इंच.

परवा दाखवायला गेलो तर ज्युनिअर डॉक्टरनी मोबाईलवर अमेरिकेचं कुठलंसं कॅल्क्युलेटर उघडलं, शुगर आहे का, बीपी आहे का, दम लागतो का, सिगरेट ओढता का असं भराभर विचारलं (सिगरेटचं विचारल्यावर आई पदर तोंडाला लावून हसली) आणि दोन मिनिटांत स्क्रीन माझ्याकडे फिरवली. कोणतंही कॉम्प्लिकेशन १२%, परत अॅडमिट ६%. "अॅव्हरेजपेक्षा थोडं जास्त आहे, पण ठीक आहे मॅडम." मी मान हलवली, घरी आले आणि तेव्हापासून झोप नाही. सहा टक्के म्हणजे कमी की जास्त? आई त्या सहात येणार की चौऱ्याण्णवात हे त्या मशीनला कुठून कळलं? आणि हा आकडा प्लास्टिक सर्जरीला पण तसाच लागू होतो का?

भाऊ म्हणून राहिला हे सगळं आधीच हात वर करायचे धंदे आहेत. वरून आईचा हट्ट की डिस्चार्ज झाला की आठव्या दिवशी तुमसरला घरी जाणार, तिथं तिची गाय आहे, तुळस आहे, सगळं आहे. कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

संत्राबर्फी

माझ्या वहिनीचं सेम झालं दोन वर्षांपूर्वी, काही नाही झालं, पंधरा दिवसांत स्वयंपाकघरात होती. टेन्शन नका घेऊ ताई. गजानन महाराज आहेत.

रात्रपाळीचा डॉक्टर

मी प्लास्टिक सर्जरीत शिकतोय, नागपुरातच, त्यामुळे जेवढं माहीत तेवढं लिहितो. तुमच्या पेशंटला मी पाहिलेलं नाही, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचाच.

ते कॅल्क्युलेटर बहुतेक एनएसक्यूआयपीचं असणार, म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सचा ऑपरेशननंतर काय झालं याच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम. २०१३ मध्ये आलं, ३९३ हॉस्पिटलांतल्या साधारण १४ लाख पेशंटच्या माहितीवर बनवलं होतं, नंतर अजून भर पडली. पेशंटबद्दल वीसेक गोष्टी विचारतं, वय, उंची-वजन, शुगर, बीपी, दम, डायलिसिस, स्टेरॉइड, एएसए ग्रेड (पेशंटची एकूण तब्येत किती धड, याची श्रेणी) वगैरे, आणि त्यावरून ऑपरेशननंतरच्या ३० दिवसांत काय होऊ शकतं ते सांगतं. भाऊंना सांगा हात वर करायचा धंदा नाही हा, उलट जो डॉक्टर स्क्रीन तुमच्याकडे फिरवतो तो बरा. एक अजून, त्यात सर्जनला "मला धोका जास्त वाटतो" असं स्वतःहून वाढवायची सोय दिलेली आहे, म्हणजे बनवणाऱ्यांनाच माहीत होतं की फॉर्ममध्ये सगळं मावत नाही.

आता प्लास्टिक सर्जरीला किती लागू, तर इथं घोळ आहे. एक म्हणजे ते एकाच ऑपरेशनचा कोड धरतं. तुमच्या आईचं हर्निया अधिक कातडी असं जोडकाम आहे, ज्युनिअरनी दोन्हीपैकी एकच टाकलं असणार. दुसरं, आमच्याकडे ज्या कटकटी रोज होतात त्या त्यात मोजल्याच जात नाहीत. पोटाच्या या ऑपरेशननंतर सगळ्यात कॉमन काय, तर कातडीखाली पाणी साचणं, ज्याला आम्ही सेरोमा म्हणतो. ते त्या यादीत नाही. कातडीची कड काळी पडणं, तेही नाही. त्यात आहे ते जखमेचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, पायात गुठळी, हार्ट, किडनी, परत ऑपरेशन थिएटरात न्यावं लागणं, असं सगळ्या सर्जरीला चालेल असं. म्हणून १२% बघून "८८% काहीच होणार नाही" असं समजू नका. सुईनी पाणी काढायला दोनतीनदा यावं लागणं हे त्या हिशोबात कॉम्प्लिकेशनच नाही, पण तुमच्यासाठी ती प्रत्येक वेळी रिक्षा आणि सुट्टी आहे.

आणि जुने टाके! आईचे सिझरचे टाके आडवे आहेत का उभे? आडवे असतील तर बहुतेक करून निघणाऱ्या कातडीतच जातात, प्रश्न नाही. उभे असतील किंवा बरगडीखाली पित्ताशयाचा जुना मोठा टाका असेल तर कातडीचा रक्तपुरवठा आधीच तुटलेला असू शकतो आणि सर्जनला आखणी बदलावी लागू शकते. हे कॅल्क्युलेटर विचारत नाही. सर्जन पोट बघूनच सांगतो.

गुठळीसाठी वेगळा स्कोअर आहे, कॅप्रिनी म्हणतात, प्लास्टिक सर्जरीच्या पेशंटवर तपासून पाहिलेला आहे. वय ४१ ते ६० म्हणून १, पाऊण तासापेक्षा मोठं ऑपरेशन म्हणून २, बीएमआय (उंचीच्या मानानी वजन) २५ च्या वर म्हणून १, म्हणजे चार तर इथंच झाले. आईच्या माहेरी सख्ख्या कोणाला पायात किंवा छातीत गुठळी झाली होती का ते विचारून घ्या, त्याचे एकदम ३ मिळतात आणि मग रक्त पातळ करायच्या इंजेक्शनचा विचार बदलतो. बाया हे सांगत नाहीत कारण मामा "अचानक गेले" एवढंच घरात माहीत असतं.

आकडेमोड्या

डॉक्टरसाहेबांनी छान लिहिलं, मी आकड्याच्या बाजूनी जोडतो. मी डेटाचं काम करतो, नागपूरच्या मिहानमध्ये बसतो, डॉक्टर नाही.

ताई, "आई सहात की चौऱ्याण्णवात" हे मशीनला माहीत नाही, कधीच नसतं. त्याला एवढंच माहीत आहे की फॉर्मवर आईसारखी उत्तरं देणाऱ्या बायांपैकी शंभरात सहाच्या आसपास महिन्याभरात परत आल्या. फॉर्मवर आईसारखी, हे लक्षात ठेवा. उत्तर चुकलं तर तुम्ही दुसऱ्याच कोणाच्या आईचा आकडा वाचून राहिले.

आता आमची गंमत ऐका. काही वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलसाठी (नाव नको) आम्ही असंच मॉडेल, म्हणजे जुन्या पेशंटच्या माहितीवरून अंदाज सांगणारा प्रोग्राम, बनवायला घेतलं, प्लास्टिक सर्जरीचा पेशंट परत अॅडमिट होणार का. पोरांनी आठवड्यात आणून दिलं, अॅक्युरसी ९४%, सगळे खुश, पेढे. मी बघतो तर मॉडेल प्रत्येकालाच "नाही येणार" म्हणत होतं. अरे परत येणारेच जर सहा टक्के असतील तर डोळे मिटून नाही-नाही म्हटलं तरी ९४ येतातच की! मग ते दुरुस्त केलं तर एकदम भारी आलं, इतकं भारी की मला शंका आली. पोरांनी "ड्रेसिंगची संख्या" हा कॉलम घातला होता. ज्याची जखम बिघडली त्याचीच ड्रेसिंग जास्त होणार नं बाप्पा, म्हणजे उत्तर बघून प्रश्न सोडवला. डिस्चार्जच्या दिवशी हातात नसलेली कोणतीच गोष्ट मॉडेलला द्यायची नसते, हे साधं आहे पण दर वेळी कोणी ना कोणी करतंच.

आणि खरी चूक ही नव्हतीच. आमच्या एक्सेलमध्ये "परत अॅडमिट" हा रकाना रिकामा असला की आम्ही तो "नाही" धरला होता. वॉर्डातल्या एक सिस्टर म्हणाल्या, भाऊ तुम्ही यांना फोन लावून पाहिले का? लावले. कोणी गोंदियाला अॅडमिट झालेलं, कोणी बालाघाटला, कोणी गावातल्याच डॉक्टरकडे टाके उघडून पू काढून घेतलेला. आमच्या रकान्यात सगळे ठणठणीत. ज्या पेशंटचं घर लांब, त्याचा धोका मॉडेल कमी दाखवत होतं, कारण लांबचा माणूस परत नागपूरला येतच नाही! अमेरिकेच्या त्या प्रोग्राममध्ये हेच पकडायला शिकवलेली माणसं बसवलेली असतात, डिस्चार्जनंतर काय झालं हे शोधून भरतात. आपल्याकडे ते भरायला कोण बसलंय?

लोक म्हणतात एआय लावा. २०१९ मध्ये पेशंटचं काय होईल याचा अंदाज सांगणाऱ्या मॉडेलचे ७१ अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यात लॉजिस्टिक रिग्रेशन या आकडेशास्त्रातल्या जुन्या पद्धतीपेक्षा मशीन लर्निंग, म्हणजे एआयवालं, जास्त चांगलं निघालं नाही. रकाना चुकीचा असेल तर वरचं इंजिन कोणतंही बसवा.

अजून एक हिशोब. समजा हजार पेशंट आहेत, ६० परत येणार आहेत. समजा मॉडेल त्यातल्या ७०% ना पकडतं, म्हणजे ४२. आणि उरलेल्या ९४० पैकी २०% ना उगाच धोक्यात दाखवतं, म्हणजे १८८. तर "धोका आहे" अशी २३० नावं निघाली आणि खरे त्यात ४२. पाचातले चार उगाच घाबरले. म्हणून हा आकडा ऑपरेशन करू का नको ठरवायला फारसा कामाचा नाही, पण कोणाला तिसऱ्या दिवशी फोन करायचा हे ठरवायला कामाचा आहे, कारण फोनचा खर्च तो किती.

ड्रेसिंगवाली सिस्टर

वीस वर्षं झाली सर्जरी वॉर्डात. दोघांचं वाचलं. मी एकच विचारते ताई. आई हसली म्हणता, सिगरेट नाही ओढत ते कळलं. सुपारी-तंबाखूचा खर्रा? गुडाखू, ती दात घासायची तंबाखूची पेस्ट? तपकीर?

रागावू नका. पण आपल्या विदर्भात बाईला "सिगरेट ओढता का" विचारणं म्हणजे "घोडा चालवता का" विचारण्यासारखं आहे. ती नाहीच म्हणणार आणि खरंच म्हणणार. माझ्या वॉर्डात एक काकू होत्या, फाईलवर तंबाखू निल, पण उशीखाली निळं झाकण असलेली छोटी डबी, सकाळी बाथरूममध्ये दात घासायला म्हणून पंधरा मिनिटं. चौथ्या दिवशी ड्रेसिंग उघडलं तर टाक्याच्या मधोमध, बेंबीच्या खाली, चार बोटांएवढी कातडी आधी जांभळी मग काळी. सर्जन मला विचारतात सिस्टर हे काय झालं. मी डबी दाखवली.

आणि पुरुष तर विचारूच नका. "ओढत नाही सर" म्हणतो आणि खिशात खर्ऱ्याची प्लास्टिकची पुडी.

रात्रपाळीचा डॉक्टर

सिस्टर बरोबर बोलल्या आणि मला लाज वाटली की मी हे आधी लिहिलं नाही. त्या कॅल्क्युलेटरमधला प्रश्नच "वर्षभरात धूम्रपान केलं का" असा आहे, चघळायच्या आणि घासायच्या तंबाखूला त्यात जागा नाही. निकोटिन हिरडीतून पण रक्तात जातंच आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वेगळा, तो इथं नाही, पण आवळणं आहेच.

पोटाच्या ऑपरेशनमध्ये कातडी वर बरगड्यांपर्यंत सोडवून खाली ओढून शिवतात. रक्त वरून आणि बाजूनी येतं, आणि सगळ्यात शेवटी पोचतं ते मधोमध खालच्या कडेला. सिस्टरनी सांगितलेली जागा नेमकी तीच. नळाला शेवटचं घर असतं तसं, प्रेशर कमी झालं की पहिले तिथलं पाणी जातं. कमीत कमी चार आठवडे आधी बंद, आणि नंतरही जखम भरेपर्यंत. निकोटिनचं च्युइंगम चालेल का हे स्वतःच्या मनानी ठरवू नका, त्यातही निकोटिनच असतं, सर्जनला विचारा.

शुगरचं पण सांगतो. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट, किती आहे? ठरवून करायच्या ऑपरेशनला ८ च्या खाली हवं असं धरतात, बरेच सर्जन अजून कमी मागतात. पण आपल्या भागात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) बराच आहे, आणि सिकल असला की हा रिपोर्ट खोटा कमी येऊ शकतो. तेव्हा सिकलची तपासणी झालेली नसेल तर करून घ्या, आणि नुसत्या एचबीएवनसीवर न राहता उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर पण दाखवा. सिकल हाही त्या अमेरिकन फॉर्मवर नाही बरं का.

पाटणकर चौक

एवढं सगळं वाचून मी तर पोटच कमी करणार नाही बाप्पा, असू दे.

मनीषनगरवाली

दोन दिवसांनी लिहितेय. सिस्टर, तुमच्या पाया पडते.

काल आई आणि मी गॅलरीत वडीचं पीठ मळत बसलो होतो, मी सहज विचारल्यासारखं केलं, आई गुडाखू घासतेस का गं? ती काही बोललीच नाही. मग पीठ झाकून ठेवलं, हात धुतले, आत गेली आणि देवघराच्या खालच्या खणातून डबी आणून माझ्यासमोर ठेवली. "दात दुखते म्हणून घेते, दिवसातून दोनदा." किती वर्षं? "तू पोटात होती तेव्हापासून." मी ३१ ची आहे! बाबांना पण माहीत नव्हतं. डॉक्टरनी विचारलं तेव्हा काहून नाही सांगितलं म्हटलं तर म्हणे त्यानं सिगरेटचं विचारलं, मी खरं तेच सांगितलं.

आज परत गेलो. त्याच ज्युनिअरला सगळं सांगितलं, तो पण वरमला. त्यानं स्मोकरच्या जागी "हो" करून परत आकडा काढला तर ६ चं ७ झालं. भाऊ लगेच, एका टक्क्यासाठी महिनाभर थांबायचं? आता याला काय उत्तर देऊ सांगा. एचबीएवनसी ७.९ आहे, सिकलची टेस्ट आज दिली. टाके एक आडवा आणि पिशवीचा उभा, सर्जन स्वतः बघून म्हणाले आखणी थोडी बदलू. माहेरचं विचारलं, मामी म्हणाल्या आजोबांचा पाय सुजून सुजून गेले होते, आता ती गुठळी होती की काय कोणाला ठाऊक, पण सर्जनच्या कानावर घातलं.

रात्रपाळीचा डॉक्टर

भावाला सांगा, ६ चं ७ झालं ते परत अॅडमिट होण्याचं. कातडी काळी पडण्याचा आकडा त्या स्क्रीनवर नाहीच, तो किती वाढला हे स्क्रीन दाखवत नाही म्हणून वाढला नाही असं होत नाही. आणि काळी पडलेली कातडी म्हणजे बहुतेक वेळा अॅडमिट करतही नाही, घरीच महिना-दीड महिना रोजचं ड्रेसिंग. ते कोण करणार, भाऊ की तुम्ही? हर्निया अडकलेला नाही, दुखत नाही, तर थांबता येतं. थांबायच्या काळात पोटात एकदम दुखून उलट्या झाल्या किंवा गाठ आत जाईना झाली तर मात्र तारीख-बिरीख सोडून सरळ कॅज्युअल्टी.

आकडेमोड्या

तुमसरचं काय ठरलं? माझ्या मते तो सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि कोणत्याच कॅल्क्युलेटरमध्ये नाही.

ड्रेसिंगवाली सिस्टर

हो, तेच विचारणार होते. रक्त साचलं तर पहिल्या दिवसा-दोन दिवसांत कळतं, तेव्हा ती वॉर्डातच असते. इन्फेक्शन पाचव्या ते दहाव्या दिवसात डोकं वर काढतं, आणि पाणी साचणं बहुतेक ड्रेन, म्हणजे पाणी बाहेर काढायची नळी, काढल्यावर. म्हणजे तुम्ही आठव्या दिवशी तिला गाडीत बसवाल आणि नेमकं तेव्हाच. तुमसरहून नागपूर दोन तास, पण आई रात्री ताप आला तर सकाळपर्यंत सांगणार नाही, सकाळी सांगेल तर गाईचं आवरून निघेल. पहिले तीन आठवडे मनीषनगरलाच ठेवा. ड्रेनच्या बाटलीत रोज किती आलं ते एमएलमध्ये, तारखेसकट वहीत लिहा, रंगासकट. फोटो रोज एकाच जागी उभं करून एकाच उजेडात काढा, रात्री ट्यूबलाइटमध्ये काढलेला लाल रंग आम्हाला व्हॉट्सअॅपवर काही कळत नाही. १०१ च्या वर ताप, एकाच पायाला सूज, दम, किंवा ड्रेसिंगला वास, यातलं काही झालं तर फोटो पाठवत बसू नका, या.

आणि डिस्चार्जच्या आधी एक नंबर मागून घ्या जो रात्री उचलला जातो. रिसेप्शनचा नाही.

संत्राबर्फी

वहिनीला विचारलं आज. म्हणे पाणी चारदा काढलं होतं, आम्हाला कोणाला सांगितलंच नव्हतं. सॉरी, मी उगाच काही नाही झालं लिहिलं.

मनीषनगरवाली

संत्राबर्फी, असू दे हो, हेच तर होते सगळ्या घरात.

तारीख पाच आठवडे पुढे गेली. गुडाखूची डबी माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे, आई रोज फोनवर आधी दात दुखते म्हणून सांगते मग कशी आहेस विचारते, उद्या डेंटिस्टकडे नेते. गाय पंधरा दिवस शेजारच्या काकांकडे, त्यावर अजून आठवडाभर वाढवून मागायचा आहे पण ते मी ऑपरेशन झाल्यावर सांगेन. वही आणली, भाऊनीच त्यात रकाने आखले. एक शेवटचं, पोटाचा पट्टा ऑनलाइन स्वस्त मिळून राहिला, आत्ताच्या मापाचा घेऊ की एक साइझ लहान?

ड्रेसिंगवाली सिस्टर

आत्ता घेऊच नका. ऑपरेशननंतर सूज असते, वॉर्डात कंबर मोजून मग घ्या, आणि दोन घ्या, घामानी रोज धुवावा लागतो.